मथुराबाईचं शून्य कार्य

“लेकराले गाडीच्या सावलीत बसवू नोको वं मास्तरीनबाई. वय घटते लेकराचं.”

मथुराबाईनं हे सांगितलं तेव्हा उत्पला नुसती हसली. मथुराबाई भाजीची टोपली उतरवून ओट्यावर टेकली होती, आणि त्या एका बैठकीत तिनं असं बरंच काही सांगून टाकलं होतं. मंगळवारी नखं काढू नयेत, रिकामा पाळणा हलवू नये, दिवेलागणीला मीठ उसनं देऊ नये. त्याच दमात हेही. उत्पलानं वांगी निवडून घेतली आणि बाकीचं सगळं टोपलीत तसंच राहू दिलं.

तशी ती निर्धास्त आई अजिबात नव्हती. आमू झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालतोय ना ते बघायची. पाणी उकळायची, मग उकळलेलं पाणी गाळायची, मग भांड्यावर झाकण आहे ना ते पुन्हा उठून बघायची. तिचे यजमान सुधाकरराव जैनथच्या मंडळ कचेरीत कारकून. ते म्हणायचे, “आमच्या कचेरीत एवढी तपासणी झाली असती तर एक फाईल हरवली नसती.” पण उत्पलाच्या माहेरी एक गोष्ट पक्की होती. तिच्या वडिलांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली त्या दिवसापासून घरात अंगारा नाही, दृष्ट काढणं नाही, लिंबू-मिरची नाही. आमूच्या गालाला काजळाचा ठिपकासुद्धा कधी लागला नव्हता. वडिलांनी पोरीला बी.एस्सी. केलं ते काय सावलीला भिण्यासाठी? तिच्या मनात भीतीचे दोन कप्पे होते. एकात साप, जंतू, विहीर, रॉकेलची चिमणी. दुसऱ्यात वय घटणं, नजर लागणं, सावली पडणं. पहिल्या कप्प्यासाठी ती जीव टाकायची. दुसरा उघडायचाच नाही, हे ठरलेलं.

मथुराबाईचं बोलणं त्या दुसऱ्या कप्प्यात पडलं.

त्यांचं भाड्याचं घर उद्धवरावांच्या अंगणात होतं. उद्धवराव कापूसवाले शेतकरी, आवाजानं मोठे आणि मनानं त्याहून मोठे. कापसाचा हंगाम आला की अंगण गजबजून जायचं. मथुराबाई एरवी भाजी पिकवून दारोदार विकायची, पण हंगामात तीही उद्धवरावांच्या शेतात वेचणीला असायची. मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. आमूला ती ‘माही नकटी’ म्हणायची आणि जाता-येता तिच्या हातात गाजर द्यायची. उत्पला ते गाजर काढून घ्यायची, धुवायची आणि परत द्यायची. मथुराबाई म्हणायची, “धू बाई, धू. माती खाऊनच आमी येवढे मोठे झालो.”

त्या रविवारी शेवटचा वेचा संपला होता. गाडी भरून अंगणात उभी होती. तट्टे लावून, पायानं दाबून दाबून चेपलेला कापूस, मागच्या बाजूनं दोरानं करकचून बांधलेला. मागची ती गाठ बाजारातच सुटायची, मधे कुणी हात लावायचा नाही, अशी उद्धवरावांच्या घराची रीत. दुसरी रीत अशी, की शेवटच्या वेच्याला प्रत्येक वेचणारणीनं घरधन्याच्या गाडीतून ओटीभर कापूस न्यायचा. कुणी वाती करणार, कुणी गोधडीत घालणार. मागची गाठ सोडायची नाही म्हटल्यावर तो कापूस पुढूनच उपसायचा. दरसाल गाडीला बैल जुंपलेले असताना हे व्हायचं. जू बैलांच्या खांद्यावर, मग पुढचं वजन कमी झालं काय अन् जास्त झालं काय, गाडी जागची हलत नाही.

यंदा एका बैलाचा नाल निघाला. गाडीवान चंपत दोन्ही बैल सोडून नालबंदाकडं घेऊन गेला, जाताना जुवाखाली लाकडाचा टेका देऊन गेला. आणि बायका म्हणाल्या, थांबायचं कशाला, आपापल्या ओट्या भरून घेऊ.

उत्पला ओट्यावर बसून दुसऱ्या दिवशीचा धडा काढत होती. गावातल्या शाळेत ती नववीला भौतिकशास्त्र शिकवायची आणि सोमवारी ‘कार्य आणि ऊर्जा’ सुरू करायचं होतं. आमू नुकती चालायला लागलेली. ऊन वर आलं तशी ती डुलत डुलत गाडीमागं गेली आणि सावलीत खडे मांडून बसली. उत्पला लगेच उठली. चाकांना पुढून-मागून दगड लावलेत ना, ते वाकून बघितलं. जमिनीवर काटे, विंचू, काचा नाहीत ना, ते बघितलं. कुत्रं लांब होतं. सगळं ठीक होतं.

“मास्तरीनबाई, तुमी बी घ्या ना कापूस!” उद्धवराव अंगणाच्या दुसऱ्या टोकाच्या गोठ्यातून ओरडले. “पोरीले उशी करा. शाळा शिकवता म्हणून ओटी शिवली नाही का तुमच्या पदराले?”

बायका हसल्या. उत्पलाही हसली. पदर खोचून ती पुढं गेली, जुवाच्या बाजूनं हात घालून मऊ मऊ कापूस ओढला, आमूच्या उशीपुरता. आणखी थोडा ओढला. मग वळली आणि ओट्याकडं चालू लागली.

पाठीमागं लाकूड कुरकुरलं.

कुरकुर मोठी नव्हती. दारं जशी वाऱ्यानं कुरकुरतात तशी. पण उत्पलानं वळून पाहिलं, कारण ती प्रत्येक आवाजाला वळून बघणारी बाई होती, आणि तिला दिसलं की जू टेक्यावरून उचललं गेलंय. जमिनीपासून वर, सावकाश, कुणी हातानं उचलावं तसं. गाडी उलाळ होत होती. पुढचा भार गेला, मागचा तसाच राहिला, आणि आसावर तोललेली सबंध गाडी तराजूसारखी मागं कलत होती. चाकांना लावलेले दगड जिथल्या तिथंच होते. चाकं हलतच नव्हती.

मागं आमू होती.

उत्पलाच्या पदरातला कापूस कुठं गेला, ती धावली कशी, हे तिला नंतर कधीच आठवलं नाही. तिच्या आधी मथुराबाई पोचली होती. ती गाडीच्या मागच्या अंगालाच आपली ओटी बांधत उभी होती. गाडीची कड खाली येताना दिसली तशी ती वाकून तिच्याखाली शिरली. कड तिच्या पाठीवर बसली. तिचे गुडघे लवले, ती हातभर खाली गेली, आणि तिथं थांबली. दोन्ही तळवे मांड्यांवर रोवून, मान खाली घालून.

“घे तुही पोट्टी,” ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडायला छातीत जागाच नव्हती.

आमू घाबरून आणखी आत सरकली होती, आसाच्या दिशेला. तिनं चाकाचा एक आरा दोन्ही हातांनी धरला होता. उत्पला मथुराबाईच्या पायांच्या बाजूनं पोटावर सरपटत आत गेली. आमूचे हात सोडवू लागली, तर पोरीची मूठ सुटेना. लहान मुलांच्या मुठीत एवढा जोर कुठून येतो कोण जाणे.

“सोड माझ्या बाळा, सोड. आई आहे ना. सोड.”

“जल्दी वं माय,” वरून मथुराबाई.

तेवढ्यात गोठ्याकडून उद्धवराव धावत आले आणि समोरून, नालबंदाकडून परतलेला चंपत. दोघंही गाडीच्या मागं झेपावू लागले, कड वर उचलायला. गाडीखालून उत्पलाला त्यांचे पाय दिसले, आणि त्या क्षणी तिच्या डोक्यात कुठून तरी एक आकृती लख्ख उभी राहिली. मध्ये टेकू, एका बाजूला आखूड भुजा, दुसऱ्या बाजूला लांब.

“मागं नका येऊ!” ती किंचाळली. “जुवाला लटका! पुढं! जुवाला!”

दोघं थबकले. मास्तरीनबाईचा असा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. मग चंपतनं उडी मारून जू धरलं आणि त्याला लोंबकळला. उद्धवराव त्याच्या कमरेला लोंबकळले. दोन बायका धुऱ्याला. लांब दांडी एवढी माणसं झेलून खाली आली आणि मागची कड मथुराबाईच्या पाठीवरून हलकेच वर उठली, जशी काही ती जडच नव्हती.

आमूची मूठ सुटली. उत्पला तिला छातीशी धरून बाहेर आली. तिनं पोरीचं डोकं चाचपलं, बोटं मोजली, कान पाहिले, पुन्हा बोटं मोजली. आमूच्या कपाळाला माती लागली होती, बाकी काही नाही. ती रडतसुद्धा नव्हती. जुवाला लटकलेल्या चंपतकडं बोट दाखवून हसत होती.

“हसू नोको, नकटे,” चंपत वरून म्हणाला. “मी अजून उतरलो नाही.”

“वटवाघूळ दिसून राह्यला बाप्पा,” एक बाई म्हणाली, आणि सगळ्यांचा श्वास एकदम सुटला. कुणीतरी टेका आणला, उद्धवरावांनी बैल जुंपायला लावले.

मथुराबाई तेवढी हसली नाही. ती जमिनीवर बसली होती. नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकत होता.

“मावशी,” उत्पला तिच्यापुढं बसली. जे म्हणायचं होतं त्याला मराठीत शब्द होते, पण ते सगळे फार लहान होते. तिनं आमूला मथुराबाईच्या मांडीवर ठेवलं. न धुतलेले हात, मातीचं लुगडं, काही पाहिलं नाही.

“लागलं का हो?”

“मले काय होते? म्हशीसारखं आंग हाये माहं.” मथुराबाईनं आमूच्या कपाळाची माती पदरानं पुसली. “मी केलं काय? उभीच तं होती.” मग जरा थांबून म्हणाली, “वय लेकराचं नाही घटलं. माहं घटलं असंन थोडंसं.”

उठायला गेली तर तिला उठता आलं नाही.

तिला उचलून उत्पलाच्याच घरात आणलं. दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले. हाड मोडलेलं नाही, पाठीचे स्नायू दुखावलेत, पडून राहा, वजन उचलू नका, असं सांगून गेले. सुधाकररावांनी स्वतः खाट अंगणातून आत घेतली. उत्पलानं तेल कोमट करून तिची पाठ चोळली. कडेचा वळ दोन्ही खांद्यांवरून आडवा उमटला होता, जांभळा, दोरी ओढल्यासारखा सरळ. उत्पलाची बोटं त्यावरून जाईनात.

“मावशी, तुम्ही मला ‘वय घटते’ म्हणालात,” ती हळूच म्हणाली. “गाडी उलाळ होते असं सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं.”

“मले काय मालूम काऊन ते? माही माय म्हणे, म्हणून मी म्हणून राह्यली.” मथुराबाई पालथी पडल्या पडल्या बोलत होती. “आन् उलाळ होते म्हटलं असतं तरी तू मले शिकवलं असतं. दगडं लावले हायेत मावशी, असं म्हटलं असतं. व्हय का नाही?”

उत्पलाला खोटं बोलता आलं नाही. “व्हय,” ती म्हणाली. मग दोघी हसल्या, आणि हसताना मथुराबाई कळवळली.

सोमवारी शाळा होती. उत्पलानं फळ्यावर लिहिलं: कार्य म्हणजे बल आणि बलाच्या दिशेनं झालेलं विस्थापन यांचा गुणाकार. पुढचं वाक्य पुस्तकात होतं तेच वाचायचं होतं. डोक्यावर ओझं घेऊन स्थिर उभ्या असलेल्या हमालानं केलेलं कार्य शून्य असतं, कारण ओझं जागचं हलत नाही.

तिनं वाचलं. जैनथ असं केवढं गाव, कालची गोष्ट घरोघर पोचली होती. पहिल्या बाकावरची प्रयाग उभी राहिली. ही पोरगी पाढे चुकायची, पण प्रश्न चुकायची नाही.

“टीचर, मंग मथुराबाईनं काल काहीच काम नाही केलं?”

मागून कुणीतरी म्हणालं, “बस नं वं.”

उत्पला खडू धरून उभी राहिली. पुस्तक चूक नव्हतं. गाडी मथुराबाईच्या पाठीवर थांबली त्यानंतर बोटभरही हलली नव्हती. बल भरपूर, विस्थापन नाही. गुणाकार शून्य.

“गाडीवर कार्य नाही केलं,” ती सावकाश म्हणाली. “तिच्याकडून गाडीत ऊर्जा गेली नाही. पण तिला घाम आला होता ना? तो कशाचा?”

“मेहनतीचा.”

“बाहेरून आपण स्थिर दिसतो. आत मांसाचे बारीक धागे सारखे आवळतात आणि सुटतात, आवळतात आणि सुटतात. प्रत्येक आवळण्याला ऊर्जा लागते. सकाळी खाल्लेल्या भाकरीची ऊर्जा. ती गाडीत जात नाही, अंगातच तिची उष्णता होते. म्हणून पुस्तकात शून्य आणि अंगाला घाम, दोन्ही खरं.”

प्रयागचं समाधान झालेलं दिसलं नाही. तिला हमाल नको होता, तिला कालची गाडी हवी होती. उत्पलानं फळ्यावर गाडी काढली. चाक, आस, वर उचललेलं जू, खाली येणारी मागची कड. कडेखाली एक छोटी रेघ काढली. ती रेघ कोण हे कुणी विचारलं नाही.

“उंचावर असलेल्या वजनात ऊर्जा साठलेली असते. गाडी नुसती उभी दिसते, तरी असते. वजन खाली आलं की पृथ्वीचं बल कार्य करतं आणि ती ऊर्जा खाली जे असेल त्याला मिळते.” तिनं रेघेवर खडू टेकवला. तो तिथंच राहिला. “काल कुणीतरी कार्य करणारच होतं, प्रयाग. पृथ्वी करणार होती. मथुराबाईनं ते होऊ दिलं नाही.”

प्रयाग खाली बसली आणि तिनं आपल्या वहीत गाडी काढायला घेतली.

पण उत्पलाचं मन तिथं थांबलं नाही. घरी येताना तिला आठवलं की एक गोष्ट तिनं मुलांना सांगितलीच नाही. कड पाठीवर बसली तेव्हा मथुराबाई हातभर खाली गेली होती. तेवढं विस्थापन होतं. तेवढ्यात पडत्या गाडीनं मथुराबाईवर कार्य केलं होतं. आणि ऊर्जा नाहीशी होत नसते, हे त्याच धड्याच्या पुढच्या पानावर होतं. आमूकडं जाणारा तो सगळा मार मथुराबाईनं आपल्या कमरेत घेतला होता.

म्हणून मथुराबाई हिंडूफिरू लागली, “गेलं थे दुखणं” म्हणू लागली, तरी उत्पलाला ते पटेना. ती बघत राहायची. मथुराबाई बसताना आधी डावा हात भिंतीला लावते. खोकला आला की श्वास धरते. कुणी पाहतंय असं दिसलं की ताठ होते आणि मोठ्यानं बोलते. उत्पलानं तिला टोपली उचलू दिली नाही. मग ती म्हणाली, “अशानं मी हातपाय विसरून जाईन वं पोरी,” आणि एके दिवशी वांकिडीला भावाकडं निघाली. भावाचं नाव देवाजी, तिथं त्याचा भाजीचा मळा आहे. बसमध्ये चढताना उत्पलानं तिला आमूसाठी केलेली उशी दिली. त्या दिवशी अंगणात सांडलेल्या कापसाची, पाठीला लावायला. मथुराबाईनं ती नाकाला लावून हुंगली. “लेकराचा वास येते,” म्हणाली, आणि खिडकीतून तोंड बाहेर काढून आमूला नकटी नकटी म्हणत गेली.

पुढं सुधाकररावांची बदली बाजारहत्नूरला झाली. आमू आता पळते, पडते, पुन्हा पळते. तिला पळताना पाहिलं की उत्पला हातातलं काम तसंच ठेवून बघत राहते. हे पळणं मथुराबाईनं दिलेलं आहे. रोजचं. सकाळच्या दुधाइतकं रोजचं. ते कुणाच्याही हाती परत पाठवता येत नाही, म्हणून ती निदान विचारपूस करत राहते. बसस्टँडवर वांकिडीकडचा कुणी भेटला की विचारते. एकानं सांगितलं, आहे, मळ्यात दिसते. दुसरा म्हणाला, मध्यंतरी दिसली नाही. त्यानंतर कुणी भेटलं नाही.

तेव्हा उत्पलाची तुम्हालाही एक विनंती आहे. वांकिडीच्या बाजूला कधी जाणं झालं तर देवाजीचा मळा विचारा, कुणीही दाखवेल. मथुराबाईला हाक मारा. कशी आहेस विचाराल तर “मले काय होते” म्हणेल, त्यावर विश्वास ठेवून परत फिरू नका. जरा बसा. पाणी मागा. ती हंडा उचलायला वाकली की नीट बघा, दुसरा हात कमरेवर जातो का. जात असला, तर हंडा तिच्या हातून घ्या, आणि बाजारहत्नूरला उत्पलाला कळवा.